मोटार-मिस्त्र्याची मजुरी

मोटार दुरुस्त होऊन घरीं आली, म्हणजे तिच्याबरोबर एक कागद येतो. त्या कागदाचे सामान्यतः दोन भाग असतात. पहिल्या भागांत घातलेल्या मालाची यादी असते: ब्रेकचे पॅड, ऑइल, फिल्टर, एखादें बेअरिंग. दुसऱ्या भागांत एकच शब्द व त्यापुढें एक आंकडा असतो, ‘मजुरी’. आमच्या सुशिक्षित कुटुंबांत हा कागद वाचण्याची एक ठराविक रीत आहे. घरांतील वडील मंडळी पहिल्या भागावरून नुसती नजर फिरवितात. कारण त्या वस्तूंवर किंमत छापलेली असते, आणि छापलेल्या किंमतीशीं वाद घालणें आपल्याला शोभत नाहीं असें आपण मानतों. मग दुसऱ्या भागावर बोट ठेवून प्रश्न येतो, “एवढे कशाचे? अर्ध्या तासाचें तर काम होतें!” पन्नास-शंभर रुपये कमी होतात, मिस्त्री ओशाळवाणें हंसतो, आणि व्यवहार चांगला झाला अशा समाधानानें आपण घरांत येतों.

या लहानशा प्रसंगाविषयींच आज आम्हांस वाचकांशीं चार शब्द बोलावयाचे आहेत. त्या कागदांतील ऑइलचा पैसा तेलाच्या कंपनीकडे जातो, पॅडचा पैसा कारखानदाराकडे जातो, कराचा पैसा सरकारकडे जातो. माणसाच्या हाताची अशी रक्कम त्यांत एकच होती. आणि घासाघीस करावयास आपल्याला नेमकी तीच सांपडली. असें कां व्हावें? आपण स्वभावानें कृपण आहों म्हणून नव्हे. डॉक्टरांनीं पांच मिनिटें नाडी पाहून पांचशें रुपये घेतले, तर त्या पांच मिनिटांमागें त्यांचीं पंधरा वर्षें आहेत हें आपल्याला कळतें. वकिलाच्या एका ओळीच्या सल्ल्यामागें ग्रंथांचें कपाट आहे हें आपल्याला दिसतें. परंतु इंजिनाचा आवाज ऐकून दोष सांगणाऱ्या कानामागेंहि वीस वर्षें आहेत, हें मात्र दिसत नाहीं. बुद्धीचें काम तेवढें कागदावर होतें आणि हाताच्या कामास बुद्धि लागत नाहीं, अशी जी समजूत आम्हां पांढरपेशांच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, तिचा हा परिणाम आहे.

वास्तविक आमच्या छत्रपति संभाजीनगराइतकी ही समजूत दुसरीकडे कोठें अस्थानीं नसेल. मलिक अंबरानें १६१० सालीं खडकी वसविली आणि तिला नहरीचें पाणी दिलें. पुढें त्याच पाण्याच्या विद्येवर पाणचक्की फिरूं लागली. यंत्र आणि तें चालतें ठेवणारा कारागीर हे दोघेहि या गांवास नवे नाहींत. मराठवाडा निजामी राज्यांत असतांना १९३२ च्या जूनमध्यें निजामाच्या रेल्वेनें २७ गाड्या व १६६ नोकर घेऊन मोटारवाहतुकीचें खातें सुरू केलें. मुंबई प्रांतांत एस. टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजीं पुण्याहून अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, गेली. आणि आज एस. टी. महामंडळाच्या तीन मध्यवर्ती कार्यशाळांपैकीं एक आमच्या चिकलठाण्यास आहे. दुसऱ्या दोन दापोडीस व नागपुराजवळ हिंगण्यास आहेत. १९८५ सालीं वाळुजला बजाज कंपनीचा कारखाना सुरू झाला, २००१ सालीं शेंद्र्याला स्कोडा कंपनीचा. ऑक्टोबर २०१० मध्यें येथील सुमारें दीडशें ग्राहकांनीं एकत्र येऊन एकाच वेळीं मर्सिडीज गाड्या घेतल्या, तेव्हां त्या गोष्टीचा देशभर बोलबाला झाला. जुलै २०२४ मध्यें टोयोटा-किर्लोस्कर कंपनीनें येथें कारखाना काढण्याविषयीं राज्यसरकाराशीं करार केला. गाड्या करणाऱ्यांची मोजदाद होते, विकणाऱ्यांच्या पाट्या चौकाचौकांत झळकतात, घेणाऱ्यांचीं छायाचित्रें छापून येतात. त्याच गाड्या वर्षानुवर्षें चालत्या ठेवणाऱ्या माणसाचें नांव मात्र त्याच्या गल्लीबाहेर कोणाला ठाऊक नसतें.

‘मेस्त्री’ हा शब्द पोर्तुगीज भाषेंतून आपल्याकडे आला. त्याचा मूळ अर्थ गुरु, आपल्या विद्येंत पारंगत झालेला पुरुष. आमच्या शहराच्या दखनी वळणांत त्यालाच ‘उस्ताद’ म्हणतात. दोन्ही नांवें मानाचीं आहेत. मान शब्दांत दिला आणि पैशांत परत घेतला, असा हा प्रकार आहे.

या धंद्यांतील माणसें तीन पायऱ्यांवर उभीं आहेत. सर्वांत वरच्या पायरीवर एस. टी.च्या कार्यशाळेंतील यांत्रिक. त्याला नियुक्तिपत्र आहे, वेतनश्रेणी आहे, भविष्यनिर्वाह निधि आहे, रजा आहे. परंतु त्याचाहि संसार सुखाचा होता असें नाहीं. २०२१ च्या ऑक्टोबरअखेरीस एस. टी.चा जो संप सुरू झाला आणि पांच महिन्यांहून अधिक काळ चालला, त्यांत चालक-वाहकांबरोबर कार्यशाळांतील कामगारहि होते. महामंडळ राज्यसरकारांत विलीन करावें ही त्यांची मागणी होती. ती मान्य झाली नाहीं. मात्र नोव्हेंबर २०२१ मध्यें सेवेच्या वर्षांप्रमाणें मूळ पगारांत पांच हजार, चार हजार व अडीच हजार रुपयांची वाढ जाहीर झाली. मुंबई उच्च न्यायालयानें कामावर रुजू होण्यास २२ एप्रिल २०२२ पर्यंत मुदत दिली आणि संप मिटला. सप्टेंबर २०२४ मध्यें पुन्हां संप झाला आणि मूळ पगारांत साडेसहा हजारांची वाढ मिळाली. त्या महिन्यांत खेड्यांतील विद्यार्थ्यांचे व रुग्णांचे फार हाल झाले हें खरें आहे, आणि संपाच्या इष्टानिष्टतेविषयीं आमच्या वाचकांत मतभेद असतील. तथापि एवढें निर्विवाद आहे कीं, जेथें कामगार एकत्र आहेत, जेथें त्यांचीं नांवें हजेरीपटावर आहेत, तेथें त्यांचें गाऱ्हाणें निदान ऐकूं तरी येतें.

दुसऱ्या पायरीवर कंपन्यांच्या अधिकृत सेवाकेंद्रांतील तंत्रज्ञ येतो. पुढच्या बाजूस कांचेची खोली, थंड हवा व कॉफी. मागच्या बाजूस पत्र्याखालीं तो उभा. त्याच्या अंगांत गणवेश असतो, पण पुष्कळदां तो कंत्राटदाराचा माणूस असतो, आणि पगाराचा कांहीं भाग महिन्यांत किती गाड्या हातावेगळ्या झाल्या यावर अवलंबून असतो. प्रत्येक कामास किती वेळ लागावा हें कंपनीच्या कोष्टकांत आधींच ठरलेलें असतें. गंजलेला बोल्ट निघण्यास तासभर लागला, तर तो तास कोष्टकांत नसतो. ग्राहकाकडून तासाचा जो दर घेतला जातो आणि तो तास ज्याच्या घामाचा त्याच्या पदरांत जें पडतें, त्यांतील अंतर आपण कोणी कधीं विचारीत नाहीं. अमेरिकेंतहि पुष्कळ विक्रेत्यांकडे असाच कोष्टकाचा रिवाज आहे, आणि तेथील यांत्रिकांचीहि तीच तक्रार आहे: काम आलें नाहीं तर दिवस बुडतो, आणि अवघड काम आलें तरीहि बुडतो.

तिसऱ्या पायरीवर रस्त्याकडेचें गॅरेज. मोंढा नाक्यापासून मुकुंदवाडीपर्यंत आणि जुन्या शहराच्या दरवाजांलगत हीं दुकानें आपण रोज पाहतों. एक उस्ताद, एक-दोन कारागीर, एखादा हेल्पर. पगार आठवड्याच्या हप्त्यानें, मध्यें घेतलेली उचल वजा जातां. सुटी घेतली तर रोज बुडाला. पाना हरवला तर त्याचे पैसे कापले. नियुक्तिपत्र हा शब्द तेथें कोणी ऐकलेला नसतो. २०२५ सालीं महानगरपालिकेनें जालना रस्ता, पैठण रस्ता इत्यादि मार्गांच्या कडेचीं बांधकामें मोठ्या प्रमाणावर पाडलीं. अशा वेळीं दुकानदार निदान भाड्याची पावती तरी दाखवूं शकतो. त्याच्याकडे काम करणाऱ्याजवळ दाखवावयास कागदाचा कपटाहि नसतो.

आतां या कामानें शरीराची काय दशा होते तें पाहूं. वापरलेलें इंजिनऑइल वर्षानुवर्षें कातडीस लागत राहिलें तर त्वचेचे विकार होतात, आणि कर्करोगाचाहि धोका असतो. जुन्या ब्रेक-लायनिंगमध्यें ॲसबेस्टॉस असे. ती धूळ हवेच्या नळीनें उडवून साफ करण्याची रीत फुफ्फुसास घातक आहे. डिझेलचा धूर निश्चितपणें कर्करोगकारक आहे असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगसंशोधन संस्थेनें २०१२ सालीं दिला. बंद जागेंत इंजिन चालू ठेवलें तर निर्गंध विषारी वायु सांचतो. रंगाच्या फवाऱ्यांतील द्रव्यांनीं दमा जडतो. बॅटरींत तेजाब आणि शिसें असतें. जॅकवर उचललेल्या गाडीखालीं आधाराचे स्टँड न लावतां शिरणें म्हणजे प्राणाशीं खेळ. आणि तो खेळ खेळावा लागतो, कारण “तासाभरांत गाडी द्या” असें आपण सांगितलेलें असतें. हातमोजे, तोंडावरची जाळी, दोन भक्कम स्टँड आणि धूर बाहेर जाण्यास झरोका, हीं कांहीं ऐश्वर्याचीं साधनें नव्हेत. आमच्या गांवचा उन्हाळा चाळिशीपलीकडे जातो; पत्र्याच्या छपराखालीं, तापलेल्या इंजिनाशीं दिवसभर उभ्या राहणाऱ्यास पंखा आणि गार पाण्याचा माठ मिळावा, हें मागणें दयेचें नाहीं.

कोणी म्हणेल कीं, साधें काम, साधी मजुरी. पण हें काम साधें राहिलेलें नाहीं. १ एप्रिल २०२० पासून देशांत भारत-सहा या प्रमाणाच्याच गाड्या विकल्या जाऊं लागल्या. बहुतेक लहान दुचाकींतूनहि कार्ब्युरेटर गेला. त्याच्या जागीं संवेदक आणि संगणक आले. ज्या उस्तादानें उभा जन्म कानानें दोष ओळखले, त्याला आतां स्कॅनर घेऊन आंकडे वाचावे लागतात. विजेच्या मोटारींत तीनशें-चारशें व्होल्टचा विद्युद्दाब असतो. तेथें चुकीला क्षमा नाहीं. हें नवें शिक्षण त्याला द्यावयाचें कोणी? उलट कित्येक कंपन्यांनीं सुटे भाग आणि तपासणीचीं साधनें बाहेरच्या कारागिरांस मिळूं नयेत अशीच व्यवस्था ठेविली होती. भारतीय स्पर्धा आयोगानें ऑगस्ट २०१४ मध्यें याच कारणासाठीं १४ मोटार-कंपन्यांस मिळून सुमारें २,५४४ कोटि रुपयांचा दंड ठोठावला. कंपन्यांनीं त्यावर अपिलें केलीं. पुढें जुलै २०२२ मध्यें केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानें दुरुस्तीच्या हक्काविषयीं समिति नेमली, आणि तिच्या विषयांत मोटारींचा समावेश केला. हा प्रश्न वरवर ग्राहकाचा दिसतो. परंतु गल्लींतील कारागिराची भाकरी त्यांत गुंतलेली आहे.

कायदा काय म्हणतो? १९४८ चा किमान वेतन कायदा ज्या धंद्यांचीं नांवें अनुसूचींत असतील त्यांनाच लागू होता. महाराष्ट्रांत मोटार-दुरुस्तीच्या कार्यशाळांचें नांव तींत होतें. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्र सरकारनें चार श्रमसंहिता अमलांत आणल्या. त्यांतील वेतनसंहितेनें किमान वेतनाचा हक्क सर्वच धंद्यांतील नोकरांस दिला आहे. मासिक पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आंत द्यावा, नोकरी सुटल्यास हिशेब दोन कामाच्या दिवसांत पुरा करावा, आणि जादा तासांस निदान दुप्पट दर द्यावा, असें ती सांगते. नियम उत्तम आहेत. मात्र पुष्कळसें संरक्षण माणसांच्या संख्येवर टांगलेलें आहे. भविष्यनिर्वाह निधि वीस माणसांपासून, राज्य विमा योजना दहांपासून, नियुक्तिपत्राचें बंधनहि दहांपासून. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखालीं २०१९ च्या नियमांनीं महिना पांच हजार ते नऊ हजार रुपयांचें किमान विद्यावेतन ठरविलें. परंतु चार माणसांहून लहान दुकान त्या व्यवस्थेबाहेर राहतें. सप्टेंबर २०२३ मध्यें केंद्र सरकारनें पारंपरिक कारागिरांसाठीं विश्वकर्मा योजना काढली; तिच्या अठरा व्यवसायांत लोहार, सुतार, कुलुपें करणारा यांस स्थान आहे, मोटार-मिस्त्र्यास नाहीं. तीन माणसांचें गॅरेज असें प्रत्येक जाळ्याच्या भोकांतून खालीं पडतें, आणि आमच्या शहरांतील फार मोठें काम त्याच गॅरेजांत होतें.

मुलांविषयींचा कायदा मात्र निःसंदिग्ध आहे. १९८६ च्या बालकामगार कायद्याच्या अनुसूचींत मोटार-गॅरेजांचें नांव प्रतिबंधित धंद्यांत घातलें गेलें होतें. २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालील मुलास कोणत्याहि धंद्यांत ठेवणें हा गुन्हा आहे. असें असतां “अरे छोटू, पाणी आण” ही हांक आपल्या कानांवर अजूनहि पडते. तो शिकतो आहे, असें त्याचें समर्थन केलें जातें. शिकणें खरें असेल तर तें शाळा सुटल्याविना व्हावें. आणि त्याचा कांहीं दाखला त्याच्या हातीं पडावा. जर्मनींत २००३ पासून मोटार-यांत्रिकाचा साडेतीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. उमेदवार कार्यशाळेंत काम करतो, पगार घेतो, आणि त्याबरोबरच व्यवसायशाळेंत जातो. कॅलिफोर्निया राज्यांत असा नियम आहे कीं, कामगारानें स्वतःचीं हत्यारें आणावीं असें मालकास वाटत असेल, तर त्यानें किमान वेतनाच्या निदान दुप्पट वेतन दिलें पाहिजे. आमच्याकडील कारागीरहि पुष्कळदां आपले पाने पदरच्या पैशांनींच घेतो. पण त्या पान्यांचें मोल कोणाच्या हिशेबांत येत नाहीं.

मालकास दोष देऊन मोकळें होणें सोपें आहे, पण तें न्यायाचें होणार नाहीं. आजचा बहुतेक गॅरेजवाला कालचा हेल्परच असतो. जागेचें भाडें, स्कॅनरचे हप्ते, विमा कंपनीकडे अडकलेलीं बिलें आणि ओळखीच्या गिऱ्हाइकांची उधारी, यांत तो स्वतःच पिचलेला असतो. त्याच्या हिशेबांत सर्व खर्च ठरलेले. वाढवितां-घटवितां येणारी रक्कम एकच, ती माणसांची मजुरी. उदाहरणादाखल धरा कीं, महिन्याला शंभर गिऱ्हाइकें येतात आणि प्रत्येकजण शंभर रुपये कमी करून घेतो. दहा हजार रुपये झाले. आपल्याला शंभर रुपयांची बचत क्षुल्लक वाटते. पण त्या दहा हजारांत दुसऱ्या हेल्पराच्या पगारांतील केवढा मोठा भाग बुडाला, याचा विचार आपण करीत नाहीं. दाम करी काम ही म्हण आपणच मुलांस शिकवितों. मग दाम कमी केल्यावर कामांत कसर राहिली, ब्रेकचा एखादा बोल्ट ढिला राहिला, तर कोणास बोलावयाचें? त्या गाडींत आपलींच मुलेंबाळें बसणार असतात.

म्हणून सरकारनें काय करावें याची चर्चा करीत असतांनाच कुटुंबानें काय करावें हें आम्ही सुचवूं इच्छितों. मजुरीचा आंकडा काम सुरू होण्यापूर्वीं विचारावा आणि एकदां ठरला म्हणजे तो मोडूं नये. पैसे गाडी घेतांनाच द्यावे. “पुढच्या वेळीं देतों” हें वाक्य आपल्या प्रतिष्ठेस साजत नाहीं. पंधरा मिनिटांत गाडी मागूं नये, आणि स्टँड लावल्यावांचून कोणास गाडीखालीं जाऊं देऊं नये. जेथें अल्पवयीन मूल काम करतांना दिसेल तेथें उस्तादाशीं शांतपणें बोलावें. ऐकलें नाहीं तर दुकान बदलावें. ज्यांच्या घरीं शिकलेले तरुण आहेत त्यांनीं ओळखीच्या कारागिराची असंघटित कामगारांच्या ई-श्रम यादींत नोंदणी करून द्यावी. ही नोंदणी ऑगस्ट २०२१ पासून चालू आहे, ती निःशुल्क आहे, आणि तीस फार वेळ लागत नाहीं. सोसायट्यांनीं आणि शाळांनीं आपल्या गाड्या दुरुस्तीस देतांना, तेथील माणसांस किमान वेतन मिळतें कीं नाहीं, हें विचारावयास कांहींच हरकत नाहीं. गिऱ्हाइकानें विचारलेल्या प्रश्नास जेवढें वजन असतें, तेवढें पुष्कळदां निरीक्षकाच्या प्रश्नासहि नसतें.

शेवटची सूचना कांहींशी अप्रिय आहे, पण ती केल्यावांचून राहवत नाहीं. आमच्या घरांतील मुलानें अभियांत्रिकीची पदवी घेऊन मोटारीचा आराखडा काढला तर आपण पेढे वांटतों. तोच मुलगा आय. टी. आय.मध्यें मोटार-यांत्रिकाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम घेईन म्हणाला, तर घरांत सुतक पडल्यासारखें होतें. जोंवर या कामांत आपलें कोणी नाहीं, तोंवर त्याची मजुरी आपल्याला नेहमीं जास्तच वाटणार. सर्वांनींच पाना हातीं घ्यावा असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु मुलांस एकदां सुटीच्या दिवशीं गॅरेजांत न्यावें, गाडीचें इंजिन उघडलेलें दाखवावें, आणि उस्तादास काकांप्रमाणें ‘अहो’ म्हणून प्रश्न विचारूं द्यावे, एवढें तर प्रत्येक घरास शक्य आहे. ज्या मुलानें तें काम जवळून पाहिलें, तो मोठा झाल्यावर त्या कागदाच्या दुसऱ्या भागावर बोट ठेवण्यापूर्वीं निदान थोडा थांबेल. तोंवर आपण वडील माणसांनीं थांबावयास शिकावें, एवढीच आमची विनंति आहे.